सहा चौकटी

मागच्या सुट्टीत भाची चार दिवस राहायला आली होती. शाळेतून काहीतरी प्रोजेक्ट मिळालेला, आसपासचे कीटक बघा, चित्रं काढा, नावं लिहा असं. मी म्हटलं अगं त्यात काय, मुंग्या घे, चल उद्या सकाळी बागेत, अर्ध्या तासात सहा प्रकारच्या मुंग्या दाखवते तुला. इतक्या खात्रीने बोलले की तिने तिथल्या तिथे वही काढून पट्टीने सहा चौकटी आखल्या, प्रत्येक चौकटीखाली नावासाठी एक रेघ. सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही दोघी लिंबाच्या झाडाखाली उकिडव्या बसलो, पालापाचोळा हाताने सारला, एक चपटा दगड मांडला आणि त्यावर चिमूटभर साखर टाकली. दोन मिनिटंही गेली नसतील, पहिली मुंगी आली. पिवळसर, सडपातळ, अंगाच्या मानाने लांबच लांब पाय आणि तशाच लांब मिशा, आणि चाल अशी की हिचं काहीतरी हरवलंय आणि कुठे शोधावं ते कळत नाहीये, दोन पावलं इकडे, गर्रकन वळून चार पावलं तिकडे. मग दहा आल्या, मग पन्नास, मग साखर दिसेनाशीच झाली. आम्ही वाट बघत बसलो. मग पेरूखाली दुसरी चिमूट, विहिरीच्या काठाला तिसरी, कुंपणाच्या कडेने चौथी आणि पाचवी. सगळीकडे तीच. भाचीने पहिली चौकट भरली, पायांची लांबी अगदी बरोबर धरली होती तिने, आणि मग पेन्सिल हातात तशीच ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "मावशी, बाकीच्या पाच कुठायत?"

मला काही सांगता आलं नाही.

मी म्हटलं, मी सांगते तशी काढ, मला सगळ्या आठवतात, एकेकीचा रंग सांगते, डोकं केवढं ते सांगते. तर म्हणाली, "पण मी बघितलीच नाहीये ना, मग ते खोटं होईल." वही मिटली आणि उठून घरात गेली. जाताना ती वही विसरली की मुद्दाम ठेवून गेली ते मी विचारलं नाही, पण ती अजून माझ्या टेबलावरच आहे, आणि येता-जाता त्या पाच रिकाम्या चौकटींवर नजर जातेच.

आत्याने मला मुंग्या दाखवल्या त्या ह्याच झाडांखाली. तिला पुस्तकातलं एकही नाव येत नव्हतं. दुपारची कामं उरकली की साखरेचे दाणे मुठीत घेऊन यायची आणि म्हणायची, बघ आता कोण येतंय. पहिल्या यायच्या त्या बारीक काळ्या, टाचणीच्या टोकाएवढ्या, त्यांना वास फार पटकन येत असणार कारण दाणा पडला रे पडला की हजर. त्यांच्या मागून तांबूस रंगाच्या, त्यांच्यात मधेच एखादी भल्यामोठ्या डोक्याची शिपाई, ते डोकं सांभाळत डुलत डुलत चालायची. झाडाच्या खोडावर एक होती जिचं पोट पत्त्यातल्या बदामासारखं, आणि जरा डिवचलं की ते पोट पाठीवर उचलून धरायची विंचवासारखं. एक एकटीच फिरणारी, पुढे-मागे काळी आणि मधोमध तांबडी, तिच्या वाटेला जायचं नाही असं आत्याने बजावलेलं, एकदा गेले आणि हात संध्याकाळपर्यंत ठणकत होता. बांधाच्या कडेला एका जातीची बिळं, बिळाभोवती बियांच्या फोलपटांची गोल रांगोळी. आंब्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लालभडक मुंग्या, त्या आपल्याच अळ्यांना तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं सांधतात हे मला खूप उशिरा कळलं, तेव्हा फक्त एवढंच ठाऊक होतं की त्या फांदीला हात लावला की संपलं. आणि सगळ्यात शेवटी, दिवेलागणीला, डोंगळे. काळेभोर, मोठे, घाई अशी नाहीच, अख्खा दाणा उचलायचा आणि शांतपणे चालू पडायचं. दगडावर अक्षरशः पाळ्या लागायच्या. उन्हं तापायच्या आत एक जात, भर दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी, आणि मधल्या वेळात भांडणं. आत्या ती भांडणं बघत बसायची, आणि कोण कुणाला हटवतंय त्यावरून पाऊस कधी येणार असले अंदाजही बांधायची, ते खरे व्हायचे की नाही हे आता आठवत नाही.

मला टोचलं ते हे की बागेतून पाच-सहा जातींच्या मुंग्या निघून गेल्या आणि मला पत्ताच नाही. मी रोज जाते बागेत. झाडाला हात लावते, फांद्या बघते, माती बघते. पण मुंग्या दिसत होत्या ना, भरपूर दिसत होत्या, उलट आधीपेक्षा जास्तच. नजरेला गजबज दिसली की मन निश्चिंत होतं. कमी झालेली गोष्ट डोळ्यांत भरते, पण एकाच्याच गर्दीत बाकीचे हरवले तर ते कसं कळणार, तिथे जागा रिकामी दिसतच नाही.

ही पिवळी मुंगी म्हणजे यलो क्रेझी अँट, शास्त्रीय नाव ॲनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस. क्रेझी म्हणतात ते त्या सैरभैर चालण्यावरून. हिला नांगी नाही, चावूनही फारसं काही होत नाही, पण ही फॉर्मिक ॲसिडचा फवारा मारते, आणि एकीचा फवारा काहीच नसला तरी शेकडोंचा मिळून खेकडासुद्धा आंधळा होऊन मरतो. आययूसीएन ह्या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने जगातल्या सगळ्यात घातक १०० आगंतुक प्रजातींची जी यादी केली, त्यात ५ मुंग्या आहेत आणि ही त्यातली एक. बाकीच्या चार म्हणजे अर्जेंटाईन मुंगी, मोठ्या डोक्याची आफ्रिकन मुंगी, लाल फायर अँट आणि छोटी फायर अँट. ह्या सगळ्या आपल्या पायांनी आलेल्या नाहीत. रोपांच्या मुळाशी बांधलेली माती, लाकडाचे ओंडके, जहाजातला माल, ह्यातून माणसानेच नेल्या सगळीकडे. अर्जेंटाईन मुंगी न्यू ऑर्लीन्स बंदरात १८९१ साली नोंदवली गेली. लाल फायर अँट अमेरिकेत मोबील बंदरातून आत शिरली, आणि तिथे तिचं वारूळ टिपणाऱ्या पहिल्या काही जणांत एक १३ वर्षांचा मुलगा होता, १९४२ साली, घराशेजारच्या मोकळ्या जागेत मुंग्या बघत बसलेला. तो पुढे एडवर्ड विल्सन म्हणून मुंग्यांचा जगातला सगळ्यात मोठा अभ्यासक झाला. हे वाचलं तेव्हा मला भाचीच आठवली, पट्टीने चौकटी आखणारी. आमच्याकडे ही पिवळी कधी आली असेल ह्याचा विचार करते तेव्हा दरवेळी त्या रोपांवर येऊन थांबते जी काही वर्षांपूर्वी मी बाहेरून आणून लावली होती, पिशवीतल्या मातीसकट. खात्री नाही. पण ती माती मी माझ्या हाताने खड्ड्यात ओतली होती एवढं खरं.

ह्या मुंग्या जिंकतात कशा, तर त्यांच्यात आपसात भांडण नाही. साधारणपणे एका वारुळाची मुंगी त्याच जातीच्या दुसऱ्या वारुळाच्या हद्दीत गेली की मारामारी ठरलेली, निम्मी ताकद शेजाऱ्याशी भांडण्यातच जाते आणि म्हणूनच बाकीच्यांना जगायला फट मिळते. ह्यांच्यात तसं नाही. एकेका घरट्यात अनेक राण्या, आणि एखादी राणी थोड्या कामकऱ्यांना घेऊन शेजारीच दुसरं घरटं करते, पण दोन्ही घरट्यांत ये-जा चालू राहते, वैर नाही. असं करत करत सगळी मिळून एकच प्रचंड वसाहत होते. अर्जेंटाईन मुंगीची अशी एक वसाहत युरोपात इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत जवळजवळ ६००० किलोमीटर पसरलीय असं २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. एका टोकाची मुंगी उचलून दुसऱ्या टोकाला सोडली तरी तिला परकं मानत नाहीत. माणसांनी मुंग्यांकडून एकी शिकावी असं लहानपणी ऐकलेलं, आणि इथे ती एकी बघून माझ्या पोटात गोळा येतो.

पण मुंगीची ही गोष्ट नुसती मुंग्यांपुरती राहत नाही, आणि ते मला भिंगातून दिसलं. भाची गेल्यानंतर मी तिचंच भिंग घेऊन एका लिंबाच्या फांदीसमोर स्टूल टाकून बसले. कोवळ्या शेंड्याखाली मिलीबग होते, कापसाचे कण चिकटवल्यासारखे, आणि त्यांच्यावर पिवळ्या मुंग्या. मिलीबग काय, मावा काय, खवले कीड काय, हे सगळे झाडाचा रस पितात आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबाने सोडतात, तो गोड चिकट थेंब मुंगीला हवा असतो. मुंगी मिशांनी मिलीबगच्या पाठीवर हळूच थापटते, थेंब येतो, ती पिते, पुढच्याकडे जाते. गाईंच्या गोठ्यात धारा काढत फिरावं तसं. हे बघताना खरं सांगते, सुंदर वाटत होतं. मग एक गांधीलमाशी आली. गांधीलमाशी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती पिवळी मोठी, पण ही जेमतेम दोन मिलिमीटरची, डासापेक्षा लहान, तिला डंखही नाही आपल्यासाठी. ही मिलीबगच्या अंगात अंडं घालते, आतली अळी मिलीबगला आतून खाऊन संपवते आणि भोक पाडून बाहेर येते. झाडाच्या बाजूने विचार केला तर हिच्याएवढं उपयोगाचं कोणी नाही. ती पानाच्या कडेला उतरली, मिशा हलवत पुढे आली, एका मिलीबगला टेकली, त्याला चाचपायला लागली, पोट वाकवणार तेवढ्यात एक मुंगी धावत आली. माशी उडाली. परत आली, दुसऱ्या बाजूने. परत तेच. मी मोजलं, सात वेळा आली आणि सातही वेळा तिला हाकललं. आठव्यांदा ती आलीच नाही. तिला कोणी मारलं नाही, इजा केली नाही, फक्त तिला लागणारा थोडासा वेळ तिला मिळाला नाही.

तो वेळ, तेवढाच प्रश्न आहे.

गेल्या शतकाच्या मध्यात कॅलिफोर्नियात पॉल डीबाख नावाचे एक कीटकशास्त्रज्ञ होते, संत्र्या-लिंबांच्या बागांमधल्या मित्रकीटकांवर आयुष्यभर काम केलेलं त्यांनी. तिथल्या बागांमध्ये एक लाल खवले कीड आहे जी गोड थेंब सोडतच नाही, म्हणजे मुंगीला तिच्यात काडीचाही रस नाही, राखण करायचा सवालच नाही. तरीही अर्जेंटाईन मुंग्या असलेल्या झाडांवर ही लाल खवले कीड वाढते. कारण काय, तर त्याच झाडावर दुसरी कुठलीतरी गोड थेंबवाली कीड असते, तिच्यासाठी मुंग्या दिवसभर वर-खाली धावतात, आणि त्या वर्दळीत लाल खवल्याच्या कवचाखाली अंडं घालणाऱ्या ॲफिटिस नावाच्या बारीक गांधीलमाशीला निवांतपणा मिळत नाही. तिला खवल्याला भोक पाडायलाच काही मिनिटं लागतात. हे वाचल्यापासून मी फांदीवरून जाणाऱ्या मुंगीकडे वेगळ्या नजरेने बघते. ती कुणावर हल्ला करत नसली, नुसती स्वतःच्या कामाला निघालेली असली, तरी तिच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना कितीतरी जणांची कामं अर्धवट राहतात.

मग चिकट थेंब खाली पानांवर पडतात, त्यावर काळी बुरशी चढते, पानं काजळी फासल्यासारखी होतात, झाड मलूल दिसायला लागतं, आणि बागवाला काय करतो, फवारणी करतो. मीही केली. एकाने सांगितलं, अमुक औषध मारा, मुंग्या काय मिलीबग काय सगळं साफ. मी पंप पाठीला लावून खोडं भिजवली, बुंध्याभोवतीची माती भिजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली गेले तर शांतता. पिवळ्या मुंग्या मेल्या होत्या हे खरं, पण त्यांच्यात एक हिरवट जाळीच्या पंखांचा क्रायसोपा पडला होता, ज्याच्या अळ्या मावा-मिलीबग खातात, कोळी होते, एक गोगलगाईसारखा दिसणारा भुंगेरा ज्याचं नाव मला आजही माहीत नाही. महिनाभरात पिवळ्या परत आल्या, बांधाच्या पलीकडून, आधीपेक्षा दाट. क्रायसोपा आले नाहीत. मला तेव्हा वाटलं माझं प्रमाण चुकलं. खूप नंतर कळलं की अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. १९५७ पासून तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत फायर अँट मारायला लाखो एकरांवर विमानातून हेप्टाक्लोर आणि डायल्ड्रिन ही कीटकनाशकं टाकली. पक्षी मेले, मासे मेले, आणि तिथल्या मूळच्या मुंग्या मेल्या. मोकळ्या झालेल्या जमिनीवर सगळ्यात आधी परतली ती फायर अँट, कारण मोकळी जमीन धरण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. माझ्या चार झाडांखालीही तेच झालं होतं. जे हिला थोडंफार अडवून धरत होते त्यांनाच मी आधी संपवलं.

शेजारच्या बागेतल्या काकांशी बोलले तर ते म्हणाले, मुंग्या आहेत तर चांगलंच आहे की, किडे खातात, फळमाशीच्या अळ्या उचलून नेतात. हे खोटं नाही. मुंग्या हे काम करतातच, आणि म्हणूनच मला ह्या विषयावर एका वाक्यात बोलता येत नाही. चीनमध्ये चौथ्या शतकातल्या मजकुरात उल्लेख आहे की संत्र्यांच्या बागांसाठी लोक पानं शिवणाऱ्या मुंग्यांची घरटी विकत आणायचे, आणि नंतरच्या काळात एका झाडावरून दुसऱ्या झाडावर त्यांना जाता यावं म्हणून बांबूचे पूलही बांधायचे. ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ आणि आफ्रिकेत बेनिनमध्ये आंब्याच्या बागांत ह्याच गोत्राच्या मुंग्या फळमाशी आटोक्यात ठेवतात असं अलीकडचे अभ्यास सांगतात. त्या लाल मुंग्याही काही साध्या नाहीत, खवले कीड त्याही पाळतात. पण त्यांच्या हद्दी असतात. घानामधल्या कोकोच्या बागांत डेनिस लेस्टन ह्यांनी हे फार छान टिपलंय, की झाडांच्या माथ्यावर वेगवेगळ्या बलवान मुंग्यांचे तुकडे असतात, गोधडीला लावलेल्या ठिगळांसारखे, इथे ही, तिथे ती, आणि दोन तुकड्यांच्या मधल्या शिवणीत बाकी कितीतरी बारीकसारीक जीव तगून राहतात. आत्याच्या दगडावर ज्या पाळ्या लागायच्या ती ह्याच गोधडीची लहानशी कड असणार. पिवळी आली की ठिगळं जातात, अख्खी गोधडी एका रंगाची होते, आणि मग शिवणी कुठे राहणार.

मी नंतर एक प्रयोग केला, सोपा, कोणीही करू शकेल असा. प्लास्टिकचे कप जमिनीत काठापर्यंत पुरायचे, तळाला साबणाचं पाणी, वर पावसासाठी एखादी फरशी टेकवून ठेवायची, दोन रात्री तसंच सोडायचं. बागेत सहा कप पुरले आणि ओढ्यापलीकडच्या झुडपांत सहा, तिकडे कोणी काही लावत नाही आणि पिवळी अजून ओढा ओलांडून गेलेली नाही. बागेतले कप उचलले तर पाणी पिवळं, इतक्या मुंग्या की मोजायचं मी सोडून दिलं, आणि त्यांच्याखाली एक-दोन कोळी, एक झुरळासारखं काहीतरी. पलीकडचे कप उचलले तर पहिल्यांदा वाटलं रिकामेच आहेत. मग पांढऱ्या ताटलीत ओतले आणि भिंगाखाली एकेक वेगळं करत बसले, त्यात संध्याकाळ झाली. निळसर चमक असलेला जमिनीवरचा भुंगेरा, रातकिडे, शेपटीला चिमटा असलेले ते किडे, टुणकन उडणारे पांढरे सूक्ष्म स्प्रिंगटेल, एक गोम, आणि मुंग्या, चार तऱ्हेच्या. मूठभर जीव होते, पण त्या मुठीत दोन एकसारखे सापडायला वेळ लागत होता. मी आनंदाने मुंग्यांचे फोटो काढून भाचीला पाठवले. तिचा रिप्लाय आला, "पण ह्या तुझ्या बागेतल्या नाहीत ना."

नाहीत.

हे असंच चालू राहिलं तर पुढे काय, हे बघायचं असेल तर हिंद महासागरातलं ख्रिसमस बेट आहे. तिथे लाल खेकड्यांचं जंगल होतं, खेकडे पडलेली पानं आणि रोपटी खायचे, जमीन झाडल्यासारखी स्वच्छ असायची. पिवळी मुंगी तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पोचली होती, कित्येक वर्षं काही झालं नाही, आणि १९८९ मध्ये पहिली महावसाहत सापडली. मग मात्र अशा वसाहती वाढत गेल्या, एकेका चौरस मीटरवर २००० पेक्षा जास्त मुंग्या मोजल्या गेल्या, आणि कोटीच्या हिशोबात खेकडे मेले. खेकडे गेल्यावर पाला साठला, रोपांची गर्दी झाली, वर झाडांवर खवले कीड माजली आणि काळी बुरशी. २००२ मध्ये हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकलं, उपयोग झाला पण ते पुन्हापुन्हा टाकावं लागलं. शेवटी २०१६ मध्ये मलेशियातून एक बारीक गांधीलमाशी आणून सोडली, दोन मिलिमीटरची, जी मुंगीला हात लावत नाही, मुंगीला साखर पुरवणाऱ्या खवल्यांना गाठते. हे वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते. माझ्या फांदीवरून सात वेळा हाकलली गेलेली ती पण तेवढीच होती. आणि मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते मधलं कित्येक वर्षांचं शांत बसणं. मुंगी आलेली आहे, सगळं ठीक दिसतंय, कोणाला काही वावगं वाटत नाहीये. आपल्या बागेची आज कुठली वर्षं चालू आहेत ते आपल्याला कसं कळणार.

सध्या मी एवढंच करते. अकरा झाडांच्या खोडांना कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट लेप लावलाय, थेट सालीवर लावला तर साल भाजते म्हणून खाली कापड. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, बुंध्याजवळचं उंच गवत काढलं, कारण एक गवताचं पातं पुरतं त्यांना पूल म्हणून. लेपावर धूळ बसली की त्यावरून वाट करतात, म्हणून आठवड्याला पट्टी तपासायची. आणि झाकणाच्या नळ्यांमधून साखरेचं पाणी ठेवते, त्यात बोरॅक्स जेमतेम एक टक्का, जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काही पोचत नाही. नळीचं भोक एवढंच की मधमाशी आत जाऊ नये. हे फार हळू चालतं. पंप पाठीला लावल्यावर जे समाधान मिळायचं ते ह्यात अजिबात नाही. पण परवा पट्टी लावलेल्या एका झाडावर मिलीबगच्या घोळक्यात एक मिलीबग जरा जास्तच मोठा दिसला, पांढरी झालर लांब, आणि तो चालत होता. भिंग लावलं तर तो मिलीबग नव्हताच, क्रिप्टोलिमस ह्या ढालकिड्याची अळी होती. मेणाच्या पांढऱ्या धाग्यांनी हुबेहूब मिलीबगसारखी सजते, राखण करणाऱ्या मुंग्यासुद्धा कित्येकदा फसतात, आणि ती कळपात बसून एकेकाला खाते. मी हातातलं सगळं काम टाकून अर्धा तास तिच्याकडेच बघत होते. तिच्यामागे आणखी दोन होत्या.

काल रात्री नऊच्या पुढे टॉर्च घेऊन ओढ्याकडच्या शेवटच्या लिंबाची पट्टी तपासायला गेले. पट्टीच्या खाली, बुंध्याच्या खाचेत, एक डोंगळा. काळाभोर, टॉर्चच्या उजेडात पाठ चमकत होती, घाई नाही. मला वाटलं मी ओरडेन. तिथूनच भाचीला फोन लावला, ती झोपायला निघाली होती. तिने पहिला प्रश्न विचारला, बागेतला आहे का, मी म्हटलं हो, बागेतला, ओढ्याच्या अलीकडचा. "मग धरून ठेव, शनिवारी येते मी, बघूनच काढणार." मी रिकामा कप आणला आणि त्याच्यावर अलगद उपडा घातला. कपाच्या आत तो कडेकडेने फिरायला लागला, मिशांनी काठ चाचपत, एक फेरी, दुसरी फेरी. बाहेर कपाच्या भोवती तीन-चार पिवळ्या धावत होत्या. शनिवार अजून चार दिवस लांब होता, आणि ह्याचं घर जवळपास कुठेतरी असणार, तिथे अजून किती असतील, एक असेल, वीस असतील, मला काहीच माहीत नव्हतं. मी कप उचलला. तो जरा थांबला, मग खोडावरून उतरून पाल्यातून ओढ्याच्या दिशेला गेला आणि एका चपट्या दगडाखाली शिरला. त्या दगडाशेजारी मी एक विटेचा तुकडा उभा करून ठेवलाय, शनिवारी अंधारात सापडायला.